दोन तारांचे अर्थकारण

(पानिपत परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेले मराठी अभियंते, उद्योजक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)



पानिपतात मराठी माणूस बोलावयास उभा राहिला की तो १७६१ पासूनच आरंभ करणार, असे श्रोत्यांनी गृहीत धरलेले असते. मीही तेथवर जाणार आहे, परंतु थोडा उशिरा आणि एकाच मुद्द्यापुरता. आज मला बोलावयाचे आहे ते आजच्या पानिपताविषयी. म्हणजे यंत्रमागांच्या, रंगाई कारखान्यांच्या आणि १९९८ पासून सुरू असलेल्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या पानिपताविषयी. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचा पुन्हा धागा काढून ब्लँकेटे विणणारे हे शहर आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी किंवा सोलापूर पाहिलेल्या माणसाला येथील गल्ल्यांतील खडखडाट परका वाटत नाही.

या गल्ल्यांतील प्रत्येक कारखान्यात आता काही लहान उपकरणे असतात. रंगाईच्या हौदाचे तापमान मोजणारे एक, मोटारीचा वेग राखणारे दुसरे, विजेचे एकक मोजणारे तिसरे. ही उपकरणे एकमेकांशी बोलतात कशी, हा तसा अभियंत्यांचा प्रश्न. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी असून त्यात पडण्याचे कारण असे की, या संभाषणाचे नियम कोण ठरवितो, त्यावर कोणाचा हक्क असतो आणि ते न पाळल्यास भुर्दंड कोणाला बसतो, हे प्रश्न निव्वळ अर्थशास्त्राचे आहेत. सध्या देशात कोट्यवधी विद्युत मीटर बदलले जात असताना तर ते प्रत्येक घरापर्यंत येऊन पोहोचले आहेत.

सामाईक वाट

एखाद्या ठिकाणी वीस उपकरणे आहेत आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलता आले पाहिजे, अशी कल्पना करा. दर जोडीसाठी स्वतंत्र तार टाकावयाची ठरविली तर १९० जोडण्या कराव्या लागतील. याऐवजी एकच सामाईक मार्ग ठेवला आणि सर्वांनी पाळीपाळीने तो वापरला, तर काम फार थोड्या तारांत भागते. अशा मार्गाला अभियंते ‘बस’ म्हणतात. आपण ज्या बसमधून प्रवास करतो तिचे आणि हिचे नाव एकाच लॅटिन शब्दावरून आले आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा आहे. गावच्या पाणवठ्यासारखी ही सामाईक मालमत्ता असते. पाणवठा म्हटला की नियम आले, आणि नियमांबरोबर भांडणेही आली.

या सामाईक वाटेचे सर्वांत काटकसरी रूप १९८२ च्या सुमारास नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने प्रचारात आणले. दूरचित्रवाणी संचातील वाहिनी, आवाज, रंग इत्यादी सांभाळणाऱ्या चिप एकमेकींशी जोडावयाच्या होत्या आणि प्रत्येक जादा तारेमागे पैसे मोजावे लागत होते. (योगायोग असा की, त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरचित्रवाणी आली.) फिलिप्सच्या अभियंत्यांनी सर्व व्यवहार दोन तारांवर आणला. एका तारेवरून माहिती जाते व दुसरीवरून घड्याळाचे ठोके. या पद्धतीला ‘आय-टू-सी’ म्हणतात. आज आपल्या खिशातील मोबाइलपासून घरच्या वीजमीटरपर्यंत असंख्य वस्तूंच्या पोटात ती वापरात आहे. मीटरमधील वेळ राखणारी चिप आणि वीज गेली तरी आकडे जपून ठेवणारी स्मृती-चिप या बहुधा याच दोन तारांवरून मुख्य चिपशी बोलतात.

हिचे नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन त्यांवर उभे आहे. दोन्ही तारा रोधकांच्या साहाय्याने नेहमी वरच्या विद्युत-पातळीवर धरून ठेवलेल्या असतात. कोणत्याही उपकरणाला तार फक्त खाली ओढता येते, वर ढकलता येत नाही. सोडून दिली की ती आपोआप वर जाते. वरची पातळी म्हणजे एक, खालची म्हणजे शून्य. बोलू इच्छिणारा नियंत्रक प्रथम ठरावीक पद्धतीने तार खाली ओढून ‘मी बोलतो आहे’ अशी वर्दी देतो. त्यानंतर सात अंकांचा पत्ता येतो, आणि मग आपल्याला लिहावयाचे आहे की वाचावयाचे, हे सांगणारा एक अंक. पत्ता ज्याचा असेल तेच उपकरण उत्तर देते. बाकीची गप्प राहतात. दर आठ अंकांनंतर नववा ठोका राखून ठेवलेला असतो. त्या ठोक्याला ऐकणाऱ्याने तार खाली ओढावयाची असते. हीच पोच. पोच आली नाही, तर पलीकडे कोणी नाही किंवा ऐकणारा घेण्यास असमर्थ आहे, असे बोलणाऱ्याने समजावयाचे.

येथे मला १७६१ आठवते. नोव्हेंबर १७६० पासून जानेवारीपर्यंत भाऊसाहेबांची छावणी याच परिसरात वेढली गेली होती. रसद तुटली, तशी पत्रव्यवहाराची वाटही तुटली. लिहिलेले पत्र पोहोचले की वाटेतच शत्रूच्या हाती पडले, हे लिहिणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरला नव्हता. पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ एका सावकारी पत्रावरून समजली, असे इतिहासकार सांगतात. निरोप पाठविणे हे संपर्काचे अर्धेच काम असते. आपल्या पूर्वजांना ‘पोच’ या शब्दाचे मोल चांगलेच ठाऊक होते. सावकारी व दप्तरी व्यवहारात तो शब्द उगाच रुजलेला नाही.

सामाईकाचे नियम आणि त्यांचे मोल

आता समजा, दोन नियंत्रक एकाच क्षणी बोलू लागले. आपल्या सभांमध्ये अशा वेळी जे होते ते येथे होत नाही. प्रत्येक नियंत्रक बोलता बोलता तारेकडे लक्षही ठेवतो. आपण तार सोडली असूनही ती खालीच आहे असे ज्याला आढळते, तो दुसरा कोणी बोलत आहे हे ओळखून मागे हटतो. पुढे गेलेल्याचा संदेश जराही बिघडत नाही आणि वेळही वाया जात नाही. मध्यस्थ नाही, लिलाव नाही, तक्रार निवारण कक्षही नाही. सामाईक साधनसंपत्ती लोक आपापल्या नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखविल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची उदाहरणे पाटबंधाऱ्यांची, कुरणांची आणि मच्छीमारांची होती. ही दोन तारांची वसाहत त्या यादीत बसण्यास हरकत नसावी.

मात्र हा नियम समन्यायी आहे असे समजू नये. ज्याच्या संदेशात शून्य आधी येते तो जिंकतो. म्हणजे ज्या पत्त्याचा आकडा लहान, त्याला संदेश पाठविणाऱ्याचे पारडे नेहमीच जड. नियम कार्यक्षम असतो तेव्हा तो न्याय्यही असेलच असे नाही, ही गोष्ट आम्ही अर्थशास्त्रज्ञ पहिल्या वर्षात शिकवतो आणि पुढे सोयीस्करपणे विसरतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तार कोणालाही खाली ओढता येत असल्यामुळे एखादे उपकरण अर्धवट संभाषणात अडकले आणि त्याने माहितीची तार खालीच धरून ठेवली, तर सगळी वाट बंद पडते. बिघाड एकाचा, परंतु शिक्षा सर्वांना. यावर उपाय आहे. नियंत्रकाने घड्याळाचे नऊपर्यंत जादा ठोके द्यावयाचे, म्हणजे अडकलेले उपकरण आपले अपुरे वाक्य पूर्ण करून तार सोडते. आपला मीटर किंवा यंत्र ‘बंद करून पुन्हा चालू करा’ असे कारागीर सांगतो, तेव्हा कधीकधी त्यामागे एवढीच गोष्ट असते. हा उपाय फुकटचा आहे. परंतु तो उपकरणाच्या आज्ञावलीत आधीच लिहून ठेवावा लागतो, आणि स्वस्तात माल देणारा पुरवठादार नेमके हेच लिहावयाचे टाळतो. खरेदीदाराला निविदा उघडताना ही उणीव दिसत नाही. ती दिसते दोन वर्षांनी.

पत्त्यांची टंचाई हा तिसरा विषय. सात अंकांत १२८ पत्ते बसतात. त्यांपैकी १६ राखीव आहेत. उरले ११२. पुढे दहा अंकी पत्त्यांची सोय झाली, पण ती फारशी रुळली नाही. चिपचा पत्ता बहुधा ती बनविणाऱ्या कारखान्यातच ठरतो. पत्त्यांचे वाटप फिलिप्सकडे होते आणि पुढे २००६ मध्ये तिच्यापासून वेगळ्या झालेल्या एनएक्सपी कंपनीकडे गेले. पेटंटची अमेरिकेतील मुदत २००४ मध्ये संपली आणि २००६ पासून ही पद्धत वापरण्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. अधिकृत पत्ता हवा असेल तर मात्र शुल्क आहे. म्हणजे रस्ता मोकळा झाला, पण घरक्रमांक विकत! तत्पूर्वी अॅटमेलसारख्या काही उत्पादकांनी जवळपास तीच पद्धत ‘दुतारी जोडणी’ अशा अर्थाच्या दुसऱ्या नावाने दिली, कारण मूळ नाव व्यापारचिन्ह होते. एकाच वस्तूची दोन नावे झाली आणि ती दोन्ही शिकण्याचा भार विद्यार्थ्यांवर पडला.

नावांचाच विषय निघाला म्हणून सांगतो. या तारांवर आज्ञा देणाऱ्याला ‘मालक’ व उत्तर देणाऱ्याला ‘गुलाम’ म्हणण्याची रीत चार दशके चालली. २०२१ मध्ये या मानकाच्या नव्या आवृत्तीत ती शब्दयोजना काढून टाकण्यात आली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांनीही ती बदलावयास हरकत नाही.

पेटीबाहेर

आय-टू-सी पेटीच्या आतच शोभते. तारेची लांबी वाढली की तिची विद्युत-धारिता वाढते आणि ठोके बोथट होत जातात. मानकाने त्यासाठी ४०० पिकोफॅरडची मर्यादा घातली आहे. म्हणजे व्यवहारात फार तर काही मीटर. मागांच्या शेडमध्ये, जेथे मोटारी सतत चालू-बंद होत असतात, तेथे वेगळी पद्धत लागते. ती आहे १९८३ चे आरएस-४८५ हे मानक. तिच्यातही दोन तारा असतात. पण त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि अर्थ काढला जातो तो दोन्ही तारांच्या पातळ्यांतील फरकावरून. मोटारीचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि वजाबाकीत तो निघून जातो. कमी वेगाने बोलल्यास सुमारे १,२०० मीटरपर्यंत मजल जाते आणि मूळ मानकाप्रमाणे ३२ उपकरणे एका जोडीवर बसतात. पानिपतातील मध्यम आकाराच्या कारखान्याला हे पुरून उरते. तीस मीटर जोडले आणि प्रत्येकाच्या प्रश्नोत्तराला अर्धा सेकंद धरला, तरी साऱ्या शेडची वीज पंधरा सेकंदांत मोजून होते.

परंतु आरएस-४८५ केवळ विजेपुरते बोलते. वाक्यरचना कशी असावी, हे ते सांगत नाही. ती उणीव १९७९ मध्ये मोडिकॉन या अमेरिकी कंपनीने काढलेल्या ‘मॉडबस’ने भरून काढली. नियंत्रकाने विचारावयाचे, विचारले त्यानेच उत्तर द्यावयाचे, न विचारता कोणीही बोलावयाचे नाही, अशी ती पद्धत. ती सर्वांना खुली असल्यामुळे जगभर पसरली.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. याच जिल्ह्यातील एका रंगाई कारखान्यात मी गेलो होतो. मालकांनी डझनभर वीजमीटर बसविले होते. सर्वांना दोन तारांची जोडणी होती, सर्व मॉडबस बोलत होते. तरीही पाळीच्या शेवटी एक मुलगा वहीत हाताने आकडे उतरवीत होता. कारण विचारले तेव्हा कळले की, मीटरच्या कोणत्या नोंदस्थानी कोणता आकडा असतो, याचा तक्ता पुरवठादार देत नव्हता. तक्ता हवा असेल तर आमचेच संगणक-सॉफ्टवेअर घ्या, असे त्याचे म्हणणे. त्या सॉफ्टवेअरची किंमत मीटरांच्या किमतीहून अधिक होती. तार खुली, व्याकरण खुले, आणि शब्दांचे अर्थ मात्र तिजोरीत!

उपकरणांच्या संभाषणाला असे तीन थर असतात. तार, व्याकरण आणि अर्थ. तारेचा खर्च नगण्य असतो व व्याकरणही आता फुकट मिळते. नफा शिरतो तो तिसऱ्या थरात. एकदा मीटर बसवून झाले की ते काढून दुसरे बसविण्याचा खर्च एवढा असतो की, ग्राहक मुकाट्याने मागेल ती किंमत देतो. अर्थशास्त्रात याला बदलाचा खर्च म्हणतात. मक्तेदारी येथे वस्तूच्या विक्रीपूर्वी नसते. विक्रीनंतर सुरू होते. त्यामुळे निविदेतील सर्वांत कमी दर पाहून खरेदी करण्याची आपली सरकारी पद्धत येथे नेमकी फसते.

वीज मंडळांनी हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा प्रत्येक उत्पादकाची भाषा निराळी होती. मीटरवाचकाजवळचे यंत्र एका कंपनीचे मीटर वाचू शके, दुसऱ्या कंपनीचे नाही. यावर उपाय म्हणून भारतीय मानक ब्युरोने २०११ मध्ये ‘आयएस १५९५९’ हे मानक प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय ‘डीएलएमएस’ पद्धतीवर ते आधारलेले आहे. त्याचे महत्त्व असे की, त्याने तिसऱ्या थराला हात घातला. एकूण वापरलेल्या विजेला १.०.१.८.०.२५५ हा सांकेतिक क्रमांक आहे. मीटर कोणाचाही असो, त्या क्रमांकावर तोच आकडा मिळाला पाहिजे. २०१५ मध्ये स्मार्ट मीटरसाठी ‘आयएस १६४४४’ आले. अशा समित्यांच्या कामाला वृत्तपत्रांत दोन ओळीही मिळत नाहीत. तथापि त्यातून वाचलेला पैसा एखाद्या धरणाच्या खर्चाशी तुलना करण्याजोगा असावा, असे माझे मत आहे.

पानिपत या बाबतीत प्रयोगभूमीच ठरले आहे. जपानच्या ‘नेडो’ या संस्थेच्या सहकार्याने उत्तर हरियाणा बिजली वितरण निगमाने येथे स्मार्ट ग्रिडचा पथदर्शी प्रकल्प राबविला. शहरातील सुमारे दहा हजार ग्राहकांकडे मीटर बसविण्यात आले. त्यानंतर २०१८ मध्ये हरियाणातील दोन्ही वितरण कंपन्यांनी दहा लाख स्मार्ट मीटरांसाठी करार केला.

२०२१ मध्ये केंद्राने ३,०३,७५८ कोटी रुपयांची सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली. २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठरले. मार्च २०२५ ही मुदत उलटली तेव्हा काम उद्दिष्टाच्या बरेच मागे होते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये प्रीपेड मीटरला एवढा विरोध झाला की, सर्वसामान्य ग्राहकांसाठी ते सक्तीचे न करण्याची घोषणा शासनाला करावी लागली. विरोधामागे बिल वाढेल ही भीती होती, आणि ती केवळ अज्ञानातून आलेली नव्हती. आपला मीटर काय बोलतो हे ग्राहकाला ऐकूच येत नसेल, तर त्याने विश्वास तरी कशावर ठेवावा? दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की, वितरण कंपन्यांची तांत्रिक व वाणिज्यिक हानी २०२०-२१ मध्ये सुमारे २२ टक्के होती, ती २०२२-२३ पर्यंत सुमारे १५ टक्क्यांवर आली. मोजमाप सुधारल्याशिवाय यापुढील घट कठीण आहे. दोघांचेही हित मीटरच्या खुल्या भाषेत आहे.

नव्या व्यवस्थेत मीटर बसविणाऱ्या संस्थेला प्रति मीटर दरमहा मोबदला मिळतो. मीटर बोलला तर पैसे, असा हा व्यवहार आहे आणि तत्त्वतः तो मला पसंत आहे. शंका आहे ती कराराची मुदत संपल्यानंतरची. मीटर, त्यातील संपर्क-भाग आणि वरची संगणकप्रणाली एकाच संस्थेच्या हाती दहा वर्षे राहिल्यावर, अकराव्या वर्षी दुसऱ्या कोणाला तेथे प्रवेश करता येईल काय? मीटरची भाषा मानकाने बांधली आहे. परंतु संपर्क-भाग एका उत्पादकाचा काढून दुसऱ्याचा तसाच बसविता येईल, इतकी एकवाक्यता अजून सर्वत्र नाही. हे काम मानक ब्युरो, केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि राज्यांचे नियामक आयोग यांनी मिळून करावयास हवे. आणि ते मीटर भिंतीवर चढण्यापूर्वी झालेले बरे.

लहान उद्योजकांनी मात्र दिल्लीकडे पाहत थांबण्याचे कारण नाही. खरेदी-आदेशात तीन ओळी वाढवाव्यात. उपकरणासोबत नोंदस्थानांचा संपूर्ण तक्ता लेखी मिळावा. तो तिऱ्हाइतास देण्याची मुभा असावी. अंतिम दहा टक्के रक्कम, दुसऱ्या कोणत्याही उत्पादकाच्या नियंत्रकाकडून आकडे वाचून दाखविल्यानंतरच दिली जावी. पानिपतातील कारखानदारांच्या संघटनांनी हा मजकूर एकदा तयार करून सभासदांना वाटला, तर प्रत्येकाला वकील गाठावा लागणार नाही, आणि सगळेच तो मागू लागल्यावर पुरवठादाराला नकार देणे परवडणार नाही. येथील अभियांत्रिकी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या विद्यार्थ्यांनी त्या रंगाई कारखान्यासारख्या ठिकाणी जाऊन नोंदस्थाने शोधून काढण्याचे काम प्रकल्प म्हणून घ्यावे. पिळलेल्या दोन तारा, एक जुना संगणक आणि थोडी चिकाटी एवढ्यावर ते होण्यासारखे आहे. मीटरच्या पडद्यावरील आकडा आणि तारेवरून आलेला आकडा जुळवीत गेले की बहुतेक नोंदस्थाने आठवडाभरात उलगडतात.

प्रश्नांसाठी आपण बराच वेळ राखून ठेवला आहे. मॉडबसविषयीचे प्रश्न माझ्यापेक्षा पहिल्या रांगेतील अभियंत्यांना विचारलेले अधिक चांगले.